मुंबईचे मैल जेथून मोजले गेले



मुंबईकडे येणाऱ्या कोणत्याहि रस्त्यावर आपणांस "मुंबई इतके किलोमीटर" अशी पाटी आढळते. पूर्वीं त्याच जागीं मैलांचा आंकडा असे. ती पाटी आपण वाचतों आणि घड्याळाकडे पाहून केव्हां पोहोंचूं याचा हिशेब करतों. पण त्या पाटीवरची मुंबई म्हणजे नेमकी कोणती जागा, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. शीव ओलांडली म्हणजे मुंबई आली, असें म्हणावें, तर कुलाब्याचें टोंक तेथून अजून बरेंच दूर राहतें. अंतर मोजावयाचें म्हटलें कीं दोरीचें एक टोंक कोठें तरी खुंटीला बांधावें लागतें. नागपूरकरांना हें सांगावयास नको. त्यांच्या शहरांत शून्य मैलाचा स्तंभ उभा आहे आणि त्याच्याजवळचे ते दगडी घोडे वऱ्हाड-नागपुरांतल्या मुलांच्या ओळखीचे आहेत. मुंबईंत असा स्तंभ कोणीं उभारला नाहीं. तेथें शून्याचें काम एका देवालयानें केलें. तें देवालय म्हणजे कोटांतील सेंट थॉमसचें चर्च. आजचें सेंट थॉमस कॅथीड्रल.

काळबादेवी, चिंचपोकळी, परळ, दादर या भागांतून पूर्वीं पायीं फिरणाऱ्या मनुष्यास रस्त्याच्या कडेला काळ्या दगडाचे ठेंगणे खांब दिसत. त्यांवर रोमन अंकांत एक आंकडा आणि खालीं इंग्रजींत, "सेंट थॉमसच्या चर्चपासून इतके मैल" अशा अर्थाचीं अक्षरें कोरलेलीं असत. काळबादेवीस पहिला मैल भरे, दादरपर्यंत सहा होत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, आगगाडी येण्याच्या आधीं, इंग्रजांनीं हे दगड रोंवले. त्या काळीं सरकारी कचेरी, किल्ला, टांकसाळ अशा अनेक जागा शून्याच्या मानास योग्य होत्या. त्या सर्व सोडून मोजणीदारांनीं चर्चचा उंबरठा निवडला, याचें कारण सरळ आहे. मुंबईच्या कोटांत सर्वांच्या माहितीची, सहसा न हलणारी आणि ज्याच्यावरून रस्त्याला व वेशीला नांव पडलें होतें अशी ती वास्तु होती.

वेशीचें नांव निघालें म्हणून आधीं तिचाच उलगडा करूं. "चर्चगेट" हा शब्द आज लाखों लोकांच्या तोंडीं रोज सकाळ-संध्याकाळ येतो. पण स्टेशनावर उतरून पाहावें, तर तेथें "गेट" नाहीं. आणि ज्या चर्चवरून हें नांव पडलें तें तेथून अर्ध्या मैलाहून अधिक दूर आहे. याचा खुलासा असा. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मुंबईच्या वस्तीभोंवतीं तट बांधण्यांत आला. त्याला जमिनीच्या बाजूनें तीन मुख्य दरवाजे होते: दक्षिणेस अपोलो गेट, उत्तरेस बाजार गेट आणि पश्चिमेस चर्च गेट. पश्चिमेच्या दरवाज्यांतून आंत शिरणारा रस्ता सरळ चर्चला जाऊन भिडे, म्हणून तो "चर्च गेट". पुढें शहर तटांत मावेनासें झालें. १८६२ सालीं सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकीर्दींत तट पाडून खंदक बुजविण्यांत आले. दरवाजा गेला, त्याच्या जागेच्या आसपास १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन हें कारंजें उभें राहिलें. तें मुळांत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानासाठीं योजलेलें होतें. १८७० सालीं बी. बी. सी. आय. रेल्वेनें जवळच आपलें स्टेशन उघडलें आणि नाहींशा झालेल्या दरवाज्याचें नांव त्याला दिलें. अशा रीतीनें दगडाचा दरवाजा पडला आणि शब्दाचा दरवाजा राहिला. कारंज्याच्या त्याच चौकाला पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत प्राण वेंचलेल्या १०६ वीरांमुळें "हुतात्मा चौक" हें नांव मिळालें. चौकांतून चर्चकडे जाणारा जुना चर्चगेट स्ट्रीट आज वीर नरीमन यांच्या नांवानें ओळखला जातो. एवढ्याशा दीड फर्लांगाच्या वाटेवर तीन निरनिराळ्या काळांचीं नांवें एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभीं आहेत.

आतां प्रत्यक्ष चर्चकडे वळूं. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आलें आणि १६६८ सालीं राजानें तें वर्षाला दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. पोर्तुगीजांनीं आपल्या अमदानींत माहीम, वांद्रें, दादर इत्यादि ठिकाणीं चर्चें बांधलीं होतीं. इंग्रजांना मात्र स्वतःच्या पंथाचें प्रार्थनामंदिर नव्हतें. किल्ल्याच्या आंत एका दालनांत त्यांची उपासना चाले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यानें १६७६ च्या सुमारास मोठ्या चर्चचा पाया घातला. पुढल्याच वर्षीं तो सुरतेस वारला आणि त्याच्याबरोबर कामहि वारलें. जमविलेल्या वर्गणीचें काय झालें? अलेक्झांडर हॅमिल्टन नांवाच्या त्या काळच्या खलाशी-व्यापाऱ्यानें आपल्या प्रवासवृत्तांत गव्हर्नर जॉन चाइल्ड यावर ती गिळल्याचा उघड आरोप केला आहे. आरोपाचें कांहींहि असो, अर्धवट भिंती जवळजवळ चाळीस वर्षें पावसांत भिजत उभ्या राहिल्या ही गोष्ट खरी. सार्वजनिक फंड आणि अपुरी इमारत यांचें सख्य आपल्याच काळांतलें नव्हे, एवढाच यांतून बोध.

त्या भिंतींना पुन्हां हात लागला तो रिचर्ड कॉब नांवाच्या पाद्रीसाहेबांमुळें. १७१४ मध्यें मुंबईस आलेल्या या तरुण धर्मोपदेशकानें पुढल्याच वर्षीं प्रवचनांतून आपल्या मंडळींची कानउघाडणी केली, वर्गणीची यादी फिरविली आणि काम सुरू करविलें. १७१८ च्या नाताळच्या दिवशीं, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या उपस्थितींत चर्च उघडण्यांत आलें. या सर्व खटपटीची हकीकत कॉबनें पुढें स्वतः लिहून १७६६ मध्यें लंडनास छापविली. त्या हकीकतींत एक तपशील असा आहे कीं, मराठी वाचकानें तेथें थांबलेंच पाहिजे.

कॉब लिहितो कीं, उद्घाटनाच्या दिवशीं रामाजी आणि त्याच्या जातीचे लोक तेथें आले होते आणि उपासनेंतील शिस्त व गांभीर्य पाहून ते इतके संतुष्ट झाले कीं, सबंध उपासना संपेपर्यंत पाहत उभे राहिले. हा रामाजी म्हणजे रामा कामत; इंग्रजी दप्तरांत त्याला रामा कामाती म्हटलें आहे. तो सारस्वत व्यापारी होता, कंपनीच्या देशी शिपायांची सरदारकी त्याच्याकडे होती आणि मुंबईंतल्या अग्रगण्य धनिकांत त्याची गणना होत असे. पोर्तुगीजांच्या काळांत उद्ध्वस्त झालेलें वाळकेश्वराचें देऊळ १७१५ च्या सुमारास त्यानेंच पुन्हां बांधविलें. म्हणजे कोटांतलें चर्च आणि मलबार टेंकडीवरचें शिवालय यांचीं बांधकामें जवळजवळ एकाच वेळीं चाललीं होतीं. आणि शिवालय बांधणारा गृहस्थ चर्चच्या उद्घाटनास सौजन्यानें हजर राहिला होता. शेजारधर्माचें याहून सुंदर चित्र कोणतें?

परंतु इतिहास तेवढ्यावर थांबत नाहीं. त्या नाताळच्या अवघ्या थोड्या आठवड्यांपूर्वीं, नोव्हेंबरमध्यें, गव्हर्नर बूननें कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार नेलें होतें आणि हात हालवीत परत आला होता. आधल्या वर्षीं विजयदुर्गावरची मोहीमहि फसली होती. पराभवाला कारण पाहिजे असतें. आणि तें आपल्या दारूगोळ्यांत किंवा आपल्या सेनापतींत शोधण्यापेक्षां दुसऱ्याच्या इमानांत शोधणें सोयीचें असतें. रामा कामताचा आंग्र्यांशीं गुप्त पत्रव्यवहार आहे, अशी कुजबूज सुरू झाली. १७२० सालीं त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. पुराव्यासाठीं पत्र पुढें करण्यांत आलें, साक्षीदार उभे करण्यांत आले, शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. १७२८ सालीं हा वृद्ध मनुष्य कैदेंतच वारला. तें पत्र बनावट होतें आणि साक्ष छळ करून काढलेली होती, असें पुढच्या इतिहासकारांनीं जुनीं दप्तरें तपासून दाखविलें. ज्या गव्हर्नरच्या हस्तें चर्च उघडलें त्याच्याच राजवटींत चर्चचा हा पाहुणा तुरुंगांत गेला. चर्चच्या भिंतींवर मोठमोठ्यांचीं अनेक स्मारकें आहेत. पण रामा कामताची कथा तेथें कोठेंहि कोरलेली नाहीं. ती आपण स्वतः बरोबर नेली पाहिजे.

आंत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती उंची आणि थंडाव्याची. मूळची इमारत साधी आणि भक्कम आहे. १८१६ मध्यें कलकत्त्याच्या बिशपनें तिला संत थॉमसचें नांव देऊन विधिपूर्वक पावन केलें. १८३७ मध्यें मुंबईस स्वतंत्र बिशप मिळाला. टॉमस कार हे पहिले बिशप. तेव्हांपासून हें चर्च "कॅथीड्रल", म्हणजे बिशपच्या पीठाचें स्थान झालें. लगेच १८३८ च्या सुमारास जुन्या ठेंगण्या घंटाघराच्या जागीं आज दिसतो तो घड्याळाचा मनोरा चढविण्यांत आला. पूर्वेकडील वेदीचा भाग १८६० नंतरच्या दशकांतला. पश्चिमेच्या दारापुढील नाजूक कोरीव कारंजें सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराची देणगी. त्याचा आराखडा इंग्लंडचे नामांकित वास्तुविशारद सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. ख्रिस्ती देवालयाच्या अंगणांत जरथुष्ट्री गृहस्थाचें पाणी वाहावें, हें मुंबईच्या स्वभावाला धरूनच आहे.

भिंतींवरील संगमरवरी स्मारकें म्हणजे कंपनीच्या राज्याची चित्रशाळाच. मंगळूरच्या वेढ्यांत टिपूविरुद्ध टिकाव धरून नंतर १७८४ सालीं मरण पावलेला कर्नल कॅम्बेल, १८०८ सालीं फ्रेंच जहाजाशीं लढतांना पडलेला कॅप्टन हार्डिंज, असे अनेक तेथें आहेत. कित्येक शिळांवरील वयें वाचलीं म्हणजे मन चरकतें: वीस, बावीस, पंचवीस. साहेबाचें राज्य बाहेरून कितीहि झगझगीत दिसलें, तरी हिवताप, पटकी आणि हगवण यांच्या दरबारीं साहेबालाहि सवलत नव्हती.

या स्मारकांपैकीं एकापाशीं अंमळ अधिक वेळ उभें राहावें. तें जोनाथन डंकन या गव्हर्नरचें आहे. १७९५ पासून १८११ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, त्यानें मुंबईचा कारभार पाहिला आणि येथेंच देह ठेविला. त्यापूर्वीं काशीस असतांना १७९१ सालीं त्यानें तेथील संस्कृत पाठशाळा स्थापिली होती. त्याच्या स्मारकावर दोन बालकें एक पट धरून आहेत आणि त्या पटावर लिहिलें आहे कीं, काशी व काठेवाड येथें बालहत्या बंद झाली. कांहीं राजपूत घराण्यांत मुलगी जन्मतांच तिला मारण्याची जी दुष्ट चाल होती तिच्याविरुद्ध डंकननें खरोखरच कळकळीनें प्रयत्न केले, काठेवाडांतील जाडेजा सरदारांकडून १८०८ मध्यें करार लिहून घेतले गेले, हें सर्व खरें. पण "बंद झाली" हा शब्द खरा नाहीं. ती चाल करारांनीं थांबली नाहीं. पुढें १८७० सालीं सरकारास तिच्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. संगमरवरावर कोरलेलें वाक्य हें पुष्कळदां झालेल्या कार्याचें नसून केलेल्या संकल्पाचें असतें. स्मारक वाचावें, कर्त्याला त्याचें श्रेय द्यावें आणि मग त्या वाक्यापुढें काय घडलें तें विचारावें, ही वाचण्याची रीत केवळ इंग्रजांच्याच नव्हे, तर आपल्याहि पुतळ्यांना लावण्याजोगी आहे.

चर्चच्या बाहेर पूर्वेकडे पाहिलें म्हणजे अर्धवर्तुळांत उभ्या असलेल्या एकसारख्या इमारती आणि मधोमध एक गर्द बाग दिसते. कंपनीच्या काळांत हें उघडें मैदान होतें. त्यास "बॉम्बे ग्रीन" म्हणत. येथें कवाइती होत. कापसाच्या गांठींचे ढीग पडत, म्हणून "कॉटन ग्रीन" असेंहि त्यास नांव होतें. १८४४ मध्यें कापसाचा बाजार कुलाब्यास हालविण्यांत आला. मैदानांत लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता. त्याची मौज अशी कीं, भाविक लोक त्याला हारफुलें वाहूं लागले! हा कोणी तरी सामर्थ्यवान् साहेब आहे, तेव्हां नमस्कार केलेला बरा, अशी त्यांची समजूत असावी. तो पुतळा आतां भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. मैदानाच्या पूर्व कांठावर १८३३ मध्यें टाऊन हॉल उभा राहिला. त्याच्या त्या रुंद पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत न गेलेला मराठी संशोधक विरळाच. पुढें पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या सूचनेवरून मैदानाभोंवतीं वर्तुळाकार इमारती उठल्या आणि त्यास एल्फिन्स्टन सर्कल नांव मिळालें. स्वातंत्र्यानंतर तें हॉर्निमन सर्कल झालें. बी. जी. हॉर्निमन हे इंग्रजच. पण "बॉम्बे क्रॉनिकल"चे संपादक या नात्यानें त्यांनीं पंजाबांतील अत्याचारांविरुद्ध लेखणी चालविली आणि १९१९ सालीं सरकारनें त्यांना हद्दपार केलें. एका इंग्रजाचें नांव काढून दुसऱ्या इंग्रजाचें देण्यांत मुंबईनें माणसाची जात पाहिली नाहीं, कृति पाहिली.

हें चर्च एकटें नाहीं, हें सांगितल्यावांचून त्याची ओळख पुरी होत नाहीं. कोटाच्या या लहानशा क्षेत्रांत थोड्या पावलांच्या अंतरानें जगांतले किती धर्म शेजारीं शेजारीं नांदतात पाहा. बनाजी लिमजी यांची अग्यारी १७०९ सालची, म्हणजे चर्चहून नऊ वर्षांनीं वडील. १८०३ च्या भयंकर आगींत कोटाचा मोठा भाग जळाला त्यांत तीहि सांपडली. १८४५ मध्यें ती पुन्हां बांधली गेली. आर्मेनियन व्यापाऱ्यांनीं १७९६ सालीं मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, सेंट पीटरचें चर्च बांधलें. १९५७ मध्यें त्या जागीं इमारत उठली तेव्हां त्यांनीं तिच्यांतच आपलें प्रार्थनामंदिर ठेवून घेतलें. वस्ती जवळजवळ सरली, तरी देव्हारा मोडला नाहीं. बगदादी यहुद्यांचें निळें सिनेगॉग १८८४ सालचें; ससून घराण्याची ती देणगी.

स्कॉटलंडच्या मंडळींनीं आपलें सेंट अँड्र्यूचें चर्च १८१९ सालीं गोदीच्या सिंहद्वाराजवळ उघडलें. कंपनीच्या चाकरींत स्कॉच लोकांचा भरणा मोठा, पण त्यांचा पंथ इंग्रजांच्या पंथाहून निराळा. एकाच येशूचे भक्त, पण बिशपची सत्ता मानावी कीं नाहीं यावर त्यांचे दोन पंथ झाले होते. आपल्याकडे गंध उभें लावावें कीं आडवें यावर मठ वेगळे होतात, तसाच हा प्रकार. या चर्चच्या उंच मनोऱ्यावर १८२६ मध्यें वीज कोसळली. पुढल्या वर्षीं तो पुन्हां उभा राहिला. त्याच्या शेजारीं १८४३ मध्यें एक घुमटाची इमारत बांधली गेली, तें बर्फघर. अमेरिकेंतील तळ्यांवर हिवाळ्यांत गोठणारा बर्फ करवतीनें कापून, भुसा घालून, गलबतांतून चार-पांच महिन्यांच्या प्रवासानें मुंबईस येई आणि येथें सांठविला जाई. १८३४ च्या सुमारास हा बर्फ प्रथम आला तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या घरीं पाहुण्यांना आइस्क्रीम दिलें आणि यजमान-पाहुणे दोघांनाहि पडसें झाल्याची बातमी वर्तमानपत्रानें चवीनें छापली. बर्फघर १९२० नंतरच्या दशकांत पाडलें गेलें. आज त्या जागेपाशीं के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था आहे. पूर्वीं जेथें अमेरिकेचा बर्फ वितळे, तेथें आतां अवेस्ता आणि पहलवी ग्रंथांचें अध्ययन चालतें. दोन्ही चर्चें १९७० मध्यें स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चच्या संघटनेंत सामील झालीं. स्कॉच आणि इंग्रज यांचा दीडशें वर्षांचा शेजारतंटा अखेर हिंदी मंडळींनीं मिटविला.

आतां पुन्हां त्या मैलाच्या दगडांकडे येऊं, कारण माझ्या बोलण्याचा मुद्दा तेथेंच आहे. आगगाड्या, ट्रॅमगाड्या आणि मोटारी आल्या, तसे हे दगड निरुपयोगी झाले. कोणीं ते मुद्दाम फोडले असें नाहीं. रस्ता दुरुस्त करतांना दरवेळीं चार बोटें डांबर वर चढे, पदपथ उंच होत जाई आणि दगड जागच्या जागीं बुडत जाई. एखाद्यावर चुना फांसला गेला, एखाद्यावर जाहिरात चिकटली, एखाद्यापाशीं फेरीवाल्यानें टोपली टेंकली. कांहीं दगडांची केवळ टाळकी वर दिसत होती. अक्षरें जमिनीच्या पोटांत गेलीं होतीं. वाड्यांवर लढाईचे तोफगोळे पडतात तें आपल्याला दिसतें. पण शहराच्या स्मृतीचा नाश बहुधा असा, कोणाचाहि वाईट हेतु नसतां, चार-चार बोटांनीं होत असतो. म्हणून त्याच्याविरुद्ध सभा भरत नाहींत.

सुदैवानें हे दगड वारसा म्हणून नोंदले गेले आणि अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेनें त्यांपैकीं कित्येक उकरून, स्वच्छ करून, पुन्हां डोळ्यांच्या पातळीवर आणून बसविले. चर्चच्या इमारतीचीहि कुशल हातांनीं दुरुस्ती झाली आणि २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कारांत तिचा गौरव झाला. तेव्हां हळहळण्याचें कारण नाहीं. पण दगड वर काढल्यानें काम निम्मेंच होतें. तो वाचणारा मनुष्य नसेल तर पुढील वीस वर्षांत तो पुन्हां बुडेल.

येथें कोणी सुशिक्षित गृहस्थ आक्षेप घेतील कीं, हे दगड परक्यांनीं रोंवले, परक्या देवालयापासून मोजले, त्यांचा जिव्हाळा आम्हीं कां बाळगावा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर भक्तिभावानें देऊं नये. ज्यानें अंतर मोजलें त्यानें आपल्या उंबरठ्याला मध्य मानलें. राज्यकर्त्याची ती रीतच आहे. पण त्या उंबरठ्यापासून निघालेल्या रस्त्यावर राहिलें, चाललें, विकलें, लढलें कोण? काळबादेवीचा कापडवाला, परळचा गिरणीकामगार, दादरचा शिक्षक. दोरीची खुंटी त्यांची, पण अंतर आपलें. रामा कामताची कथा या चर्चच्या इतिहासांतून वगळली तर उरतो तो साहेबांचा इतिहास. आणि चर्चच पुसून टाकलें तर रामा कामताला झालेल्या अन्यायाची साक्ष देणारी जागाहि नाहींशी होते. आपल्यावर झालेल्या गोष्टींचा हिशेब ठेवावयाचा असेल, तर ज्या फळ्यावर तो लिहिला आहे तो फळाच पुसून कसें चालेल?

हें केवळ मुंबईलाच लागू नाहीं. नागपूर, पुणें, अहमदनगर, सोलापूर, बेळगांव, कोठेंहि पाहा. जुन्या छावणींत एखादें चर्च असतें, जवळ मशीद असते, वेशीजवळ मारुति असतो, आणि रस्त्याच्या नांवांत एखादा पडलेला दरवाजा लपलेला असतो. शनिवार-रविवारीं मुलांना सिनेमाला नेतों, तसें एखाद्या दिवशीं त्यांना घेऊन आपल्याच मोहल्ल्यांत दोन फर्लांग पायीं फिरावें. हें नांव कां पडलें, ही पायरी रस्त्याच्या खालीं कशी गेली, या शिळेवर काय लिहिलें आहे आणि काय लिहिलेलें नाहीं, हे तीन प्रश्न त्यांनीं विचारावे आणि आपण एकत्र उत्तर शोधावें. मुंबईस जाणें झालें, तर हुतात्मा चौकापासून आरंभ करावा, वीर नरीमन मार्गानें पूर्वेकडे चालावें, आणि कारंज्यापाशीं थांबून मुलांना सांगावें कीं, मुंबईचे मैल येथून मोजीत असत. आणि रामाजी कामत आपल्या मंडळींसह १७१८ च्या नाताळांत येथेंच कोठें तरी उभा राहिला होता, हेंहि सांगण्यास विसरूं नये.